गोळी ओळखीची, काम निराळे

सकाळची न्याहारी आटोपली की आपण गोळ्यांची डबी उघडता. रक्तदाबाची एक, मधुमेहाची एक, कॅल्शियमची एक. इतक्या वर्षांच्या सवयीने कोणती गोळी कशाची, हे आपल्याला नुसत्या स्पर्शानेही सांगता येते. अशातच एके दिवशी स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवलेले सुनेचे औषधाचे पाकीट दृष्टीस पडते. चष्मा लावून वाचता, तर त्यावर तेच ओळखीचे नाव : मेटफॉर्मिन. मनात चर्र होते. वय अवघे अठ्ठावीस, लग्नाला तीन वर्षे झालेली, घर पाळण्याची वाट पाहत असलेले, आणि हिला मधुमेह? आपल्यापासून लपवला? लग्नाआधीपासूनच होता की काय?

असा प्रसंग आज पुष्कळ घरांत घडतो आणि त्यातून काढलेला अर्थ बहुतेक वेळा चुकीचा असतो. दोघींची गोळी एक असली, तरी दोघींचे दुखणे एक नाही. आपल्याला ती रक्तातील साखर आटोक्यात राहावी म्हणून दिली आहे. तिला ती बहुधा स्त्रीबीज वेळच्या वेळी तयार होऊन बाहेर पडावे म्हणून दिलेली असते. हा फरक घरातल्या वडीलधाऱ्यांना नीट ठाऊक असेल, तर तरुण जोडप्याची वाट बरीच सोपी होते. ठाऊक नसेल, तर कधी कुजबुज सुरू होते, तर कधी ‘या वयात कशाला ही औषधे, बंद कर पाहू’ असा मायेचा सल्ला दिला जातो आणि बसत आलेली घडी पुन्हा विस्कटते. म्हणून हा लेख मुद्दाम आपल्यासाठी, घरातल्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठी.

पाळी का अडते?

स्त्रीच्या दोन्ही बीजांडकोशांत असंख्य अपक्व बीजे असतात. प्रत्येक बीज एका इवल्या पिशवीत असते. दर महिन्याला त्यांतील काही पिशव्या वाढीस लागतात, त्यांपैकी एक इतरांना मागे टाकते, साधारण दोन सेंटिमीटरची होते, फुटते आणि बीज बाहेर पडते. डॉक्टर यालाच ओव्ह्युलेशन म्हणतात. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी एकतर दिवस राहिल्याचे कळते किंवा पाळी येते.

पीसीओएस, म्हणजे बोलीत ज्याला आपण पीसीओडी म्हणतो, त्या विकारात ही वाढ मध्येच थांबते. पुष्कळ पिशव्या थोड्या थोड्या वाढतात, पण कोणतीच पुढे जात नाही. सोनोग्राफीत बीजांडकोशाच्या कडेने मण्यांच्या माळेसारखे ठिपके दिसतात, ते हेच. त्यांना ‘गाठी’ म्हणण्याची पद्धत पडली आहे आणि त्या एका शब्दाने घरात विनाकारण घबराट होते. त्या कर्करोगाच्या गाठी नव्हेत आणि त्या कापून काढण्याचीही गरज नसते. वाढता वाढता थांबलेली ती बीजे आहेत, इतकेच.

शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली आणि या विकाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दहा ते तेरा जणींना तो असतो, आणि त्यांतील मोठ्या संख्येला त्याचा पत्ताच नसतो. म्हणजे हा विकार नवा नाही. आपल्या पिढीत ‘हिची पाळी तीन-तीन महिने येत नाही’, ‘हिच्या हनुवटीवर केस आहेत’, ‘हिला उशिरा मूल झाले’ असे जे बोलले जाई, त्यांतील कित्येक जणींना हाच विकार असला पाहिजे. त्या वेळी त्याला नाव नव्हते, एवढेच.

निदानासाठी डॉक्टर तीन गोष्टी पाहतात : पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरके वाढल्याची चिन्हे किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीतील ते ठिपके. तिन्हींपैकी दोन आढळल्या आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणे तपासून बाजूला सारली, की प्रौढ स्त्रीत पीसीओएसचे निदान होते. नुसत्या सोनोग्राफीच्या एका ओळीवरून ते करायचे नसते.

इन्सुलिनचा यात काय संबंध?

आपल्याला इन्सुलिन मधुमेहामुळे परिचयाचे आहे. स्वादुपिंडातून निघणारे हे संप्रेरक रक्तातील साखर पेशींत पोहोचवते. काही जणांच्या शरीरात स्नायू आणि यकृत त्याचे नीट ऐकत नाहीत. घरात एखाद्याला कमी ऐकू येत असेल, तर इतरांना मोठ्याने बोलावे लागते, तसेच स्वादुपिंडाचे होते. ते अधिकाधिक इन्सुलिन सोडते. साखर आटोक्यात राहते, रक्ताचा अहवाल चांगला येतो, पण आतला आवाज मात्र वाढलेला असतो.

अडचण अशी, की बीजांडकोशाचे कान शाबूत असतात. स्नायूंसाठी काढलेला तो मोठा आवाज त्याच्यावर आदळतो आणि तो गरजेपेक्षा अधिक पुरुषी संप्रेरके तयार करू लागतो. याच वेळी ही संप्रेरके बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात कमी तयार होते, त्यामुळे मोकळ्या पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण आणखी वाढते. परिणामी बीजाची पिशवी वाढता वाढता थांबते, चेहऱ्यावर केस व मुरुमे येतात, पाळी लांबते. वाढलेले इन्सुलिन आणि वाढलेली पुरुषी संप्रेरके यांचे हे नाते १९८० साली संशोधकांनी दाखवून दिले आणि पीसीओएसकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

‘पण आमची सून तर काडीसारखी बारीक आहे,’ असे आपण म्हणाल. वजन अधिक असलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो हे खरे, पण बारीक स्त्रियांतही तो असतो. शिवाय आपल्याकडचा बारीकपणा फसवा असू शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे, की भारतीय शरीर दिसायला सडपातळ असले तरी त्यात, विशेषतः पोटाच्या भागात, चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. म्हणून भारतीय स्त्रीसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की तो धोक्याचा इशारा मानतात, मग काट्यावरचे वजन काहीही असो.

गोळी काय करते?

मेटफॉर्मिनची गोष्ट मोठी लांबची आहे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळ्या फुलांची एक वनस्पती उगवते. वारंवार लघवी होण्याच्या तक्रारीवर ती तिथल्या लोकवैद्यकात वापरली जाई. तिच्यातील द्रव्यांच्या अभ्यासातून पुढे या जातीची औषधे जन्मली. १९२२ मध्ये डब्लिनच्या वेर्नर आणि बेल या रसायनशास्त्रज्ञांनी मेटफॉर्मिन प्रथम तयार केले. पण त्याच सुमारास इन्सुलिनचा शोध लागला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. पुढे १९५७ साली पॅरिसचे डॉ. झाँ स्टर्न यांनी मधुमेहींवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ साल उजाडले. त्याच वर्षी व्हेनेझुएलातील डॉक्टरांनी पीसीओएस असलेल्या स्त्रियांना हे औषध देऊन पाहिल्याची नोंद प्रसिद्ध झाली. काही जणींची पाळी नियमित झाली, काहींना तर दिवसही राहिले. तेथून मधुमेहाची ही गोळी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर येऊ लागली.

तिचे काम समजायला कठीण नाही. ती यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करते आणि इन्सुलिनचे म्हणणे शरीराला अधिक चांगले ऐकू यावे अशी तजवीज करते. मग स्वादुपिंडाला ओरडावे लागत नाही. इन्सुलिन उतरले की बीजांडकोशातील पुरुषी संप्रेरके उतरतात आणि अडलेले बीज पुढे सरकण्याची शक्यता वाढते. हे एका रात्रीत होत नाही. परिणाम दिसायला साधारण तीन ते सहा महिने द्यावे लागतात. ‘महिना झाला, गोळीचा काही उपयोग नाही’ असे म्हणून ती सोडून देणे म्हणजे पेरणी करून आठव्या दिवशी कणीस शोधण्यासारखे आहे.

‘तिला मधुमेह नाही, मग गोळीने साखर एकदम उतरणार नाही का?’ ही शंकाही रास्त आहे. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा तसे होत नाही, कारण ते स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन सोडायला लावत नाही. हा त्या औषधाचा मोठा गुण आहे.

भरवसा किती ठेवावा?

येथे मोकळेपणाने बोलले पाहिजे. मेटफॉर्मिन मदतनीस आहे, चमत्कार नव्हे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या ६२६ स्त्रियांचे तीन गट केले होते. एका गटाला बीज वाढवणारी क्लोमिफेन ही गोळी दिली, दुसऱ्याला मेटफॉर्मिन, तिसऱ्याला दोन्ही. सहा महिन्यांपर्यंतच्या उपचारांनंतर क्लोमिफेनच्या गटात शंभरांत सुमारे बावीस-तेवीस जणींना मूल झाले, दोन्ही औषधे घेणाऱ्यांत सुमारे सत्तावीस जणींना, आणि नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत सात जणींना.

हे आकडे वाचून निराश होऊ नये, आणि गोळी निरुपयोगी असेही समजू नये. त्यांचा अर्थ एवढाच, की मूल हवे असताना एकट्या मेटफॉर्मिनवर वर्षानुवर्षे विसंबणे योग्य नाही. अनेकदा तिला जोड लागते. ही जोड आज बहुधा लेट्रोझोल या गोळीची असते. आपल्या ओळखीत कुणा आजींना स्तनाच्या कर्करोगानंतर हीच गोळी दिलेली आपण पाहिली असेल. म्हणजे पुन्हा तोच घोळ : पाकीट वाचले आणि घर हादरले. लेट्रोझोल महिन्यातून केवळ पाच दिवस, पाळीच्या सुरुवातीला, बीज वाढावे म्हणून देतात. २०१४ साली ७५० स्त्रियांवरील अभ्यासात क्लोमिफेनने शंभरांत सुमारे एकोणीस, तर लेट्रोझोलने सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस जणींना मूल झाल्याचे दिसले. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही पीसीओएसमध्ये बीज बाहेर पडावे म्हणून लेट्रोझोललाच पहिली पसंती दिली आहे. आपल्या देशात २०११ साली वंध्यत्वासाठी या गोळीच्या वापरावर बंदी आली होती आणि २०१७ मध्ये ती उठली. एखाद्या जुन्या बातमीच्या आधारे कुणी ‘ही तर बंदी असलेली गोळी’ म्हणाले, तर हा पुढचा भाग त्यांना जरूर सांगावा.

मग मेटफॉर्मिन कधी कामी येते? नुसत्या क्लोमिफेनला प्रतिसाद मिळत नसेल तेव्हा, साखर किंवा इन्सुलिनची तक्रार सोबत असेल तेव्हा, वजन पोटाभोवती साठले असेल तेव्हा. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बीजांडकोश अतिउत्तेजित होऊन सुजण्याचा जो धोका असतो, तो कमी करण्यासाठीही डॉक्टर काही वेळा ती देतात. कोणाला कोणते औषध, हा निर्णय तपासणीनंतर त्यांनीच करायचा. शेजारच्या सुनेला ज्या गोळीने दिवस गेले, तीच आपल्या सुनेला लागू पडेल असे नाही.

गोळी घेताना

मेटफॉर्मिनने सुरुवातीला मळमळ, पोटात गुडगुड, जुलाब किंवा तोंडाला धातूसारखी चव असे त्रास होतात. आपणही पहिल्या महिन्यात ते सोसले असतील. म्हणून डॉक्टर बहुधा रात्रीच्या जेवणासोबत ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि आठवड्या-आठवड्याने मात्रा वाढवतात. गोळी जेवताना किंवा जेवणानंतर लगेच घ्यावी. हळूहळू विरघळणारी गोळी फोडू किंवा चावू नये. तिचे रिकामे कवच कधी शौचात दिसले, तर औषध वाया गेले असे समजू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या डबीतली गोळी तिला देऊ नका. पुष्कळ घरांत ज्येष्ठांच्या गोळ्या आणणारी आणि डबीत भरणारी तीच असते. महिनाअखेरीला तिचे पाकीट संपले, दुकान बंद असले, तर ‘तेच तर औषध आहे, यातली एक घे’ हे अगदी सहज तोंडून निघते. पण आपल्याकडे मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या जोडगोळ्या असतात. नाव जवळपास तेच, पुढे केवळ एखाद-दोन अक्षरे वेगळी, आणि आत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडसारखे दुसरे औषध. ते मात्र स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन सोडायला लावते. मधुमेह नसलेल्या तरुण स्त्रीने ते घेतले, तर साखर धोकादायक रीतीने उतरून घाम, थरथर, भोवळ, प्रसंगी बेशुद्धीही येऊ शकते. नव्या पिढीची काही मधुमेहाची औषधे तर दिवस राहण्याच्या प्रयत्नात घ्यायचीच नसतात. वजन उतरवणारे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन त्यांपैकी एक, ते गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवायला सांगतात. तेव्हा दोघींच्या डब्या वेगळ्या ठेवा आणि त्यांवर ठळक नावे लिहा.

दुसरी गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास हे जीवनसत्त्व शरीरात कमी शोषले जाते. ते मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दुधात मिळते, त्यामुळे शाकाहारी घरांत आधीच त्याची वानवा असते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या याज्ञिक यांच्या पाहणीत बहुसंख्य गर्भवतींमध्ये ब-१२ कमी आढळले होते. त्याच पाहणीत असेही दिसले, की आईच्या रक्तात फॉलिक आम्ल भरपूर पण ब-१२ कमी असेल, तर तिच्या मुलांत पुढे इन्सुलिनचे काम बिघडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून मूल हवे असणाऱ्या स्त्रीने फॉलिक आम्लाची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यावी हे जितके खरे, तितकेच ब-१२ तपासून घ्यावे हेही खरे. आणि ही तपासणी आपल्यालाही लागू आहे. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या ज्येष्ठांत पायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा दिसला, की आपण ते वयावर ढकलतो. कधीकधी कारण ब-१२ असते, आणि त्यावर उपाय आहे. एकाच दिवशी दोघींनी रक्त तपासून घ्यायला काय हरकत आहे?

मूत्रपिंडाचे काम फार मंदावले असेल, तर मेटफॉर्मिन देत नाहीत. तीव्र उलट्या-जुलाब होऊन अंगातले पाणी कमी झाले असेल, किंवा शिरेतून रंगद्रव्य देऊन तपासणी करायची असेल, तर गोळी चालू ठेवावी की थांबवावी, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

दिवस राहिले की

पाळी अनियमित असलेल्या स्त्रीला दिवस राहिल्याचे उशिरा कळते. मेटफॉर्मिनने बीज बाहेर पडू लागले, की पाळी नियमित होण्याआधीच गर्भ राहू शकतो. म्हणून पाळी लांबली तर ‘हिचे नेहमीचेच आहे’ असे म्हणू नये, घरच्या घरी लघवीची तपासणी करून पाहावी. बीज केव्हा बाहेर पडेल हे दाखवणाऱ्या घरगुती पट्ट्या मात्र पीसीओएसमध्ये फसवू शकतात, कारण त्या ज्या संप्रेरकावर चालतात, ते या विकारात एरवीही वाढलेले असते. त्यापेक्षा सोनोग्राफी किंवा पाळीच्या आधीच्या आठवड्यातील प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी अधिक भरवशाची.

तपासणी होकारार्थी आली, की गोळी आपणहून बंद करू नये, आणि आपणहून पुढेही रेटू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. हे औषध वारेतून बाळापर्यंत पोहोचते, पण आजवरच्या अभ्यासांत त्याने बाळात जन्मजात व्यंग वाढल्याचे आढळलेले नाही. तेव्हा ‘गोळीवर असताना दिवस गेले, आता काय होणार?’ या भीतीने रात्र जागून काढू नये. पुढे चालू ठेवायची की नाही, हे साखर आणि इतर कारणे पाहून ठरते. पीसीओएस असलेल्या स्त्रीला गरोदरपणातील मधुमेहाचा धोका अधिक असतो, म्हणून पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केली जाणारी तपासणी चुकवू नये.

आपल्या हाती काय आहे?

आपल्या हाती पुष्कळ काही आहे, आणि औषधाच्या दुकानात ते मिळत नाही.

पहिले म्हणजे ताट. या विकारात वजन पाच टक्क्यांनी उतरले तरी कित्येकींची पाळी सुधारते. सत्तर किलोच्या स्त्रीला साडेतीन किलो. त्यासाठी सुनेसाठी वेगळे शिजवायला नको. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली उसळ, पालेभाजी, काकडी-गाजराची कोशिंबीर, ताक हे जेवण आपल्या मधुमेहालाही तितकेच मानवते. एकाच स्वयंपाकात दोघींचे पथ्य निभावते, आणि ‘माझ्यामुळे सगळ्यांना’ हा सल तिच्या मनात राहत नाही. जेवणानंतरची शतपावली दोघींनी मिळून केली, तर आणखी उत्तम.

दुसरे म्हणजे उपवास. अपत्यासाठी व्रत करण्यामागची श्रद्धा आपली आहे, ती जपावी. पण दिवसभर उपाशीपोटी राहून घेतलेली ही गोळी मळमळवते, आणि साबुदाण्याची खिचडी व बटाट्याचा कीस इन्सुलिनला पुन्हा ओरडायला लावतात. उपवासाला दही, शेंगदाणे, राजगिरा, फळ असे हलके पण पोषक काही असू द्यावे. आणि उपवास करायचा की नाही, हे तिचे तिला ठरवू द्यावे.

तिसरे म्हणजे आपल्या लेकाची तपासणी. मूल न होण्यात पुरुषाच्या बाजूचे कारण असण्याचे प्रमाण मोठे आहे. वीर्यतपासणी ही साधी, कमी खर्चाची चाचणी आहे. सुनेच्या तपासण्यांची थप्पी लागते आणि लेकाची एकही होत नाही, असे घर अजून सर्रास दिसते. ‘तूही तपासून घे’ हे वाक्य आईच्या किंवा वडिलांच्या तोंडून निघाले, तर ते जितके सहज मानले जाते, तितके ते बायकोच्या तोंडून मानले जात नाही.

चौथे म्हणजे आपला स्वतःचा इतिहास. आपण तिच्या आई, मावशी किंवा आत्या असाल, तर आपला मधुमेह, आपल्या तरुणपणीच्या लांबलेल्या पाळ्या, आपल्याला झालेला गर्भपात, या गोष्टी तिच्या डॉक्टरांना उपयोगी पडतात. पीसीओएस आणि मधुमेह दोन्ही कुळातून चालत येतात. आजवर कुणाला न सांगितलेले असे काही आपल्याकडे असेल, तर ते सांगण्याची हीच वेळ आहे. तिला ‘मी एकटीच अशी नाही’ हेही त्यातून कळेल.

आणि पाचवे, वेळेचे भान. पाळी नियमित असलेल्या पस्तिशीच्या आतील जोडप्याने वर्षभर, आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावे, असा सर्वसाधारण नियम आहे. पाळी अनियमित असेल, तर थांबण्याची गरजच नाही. मूल तूर्त नको असेल, तरी महिनोन्‌महिने पाळी न येणे दुर्लक्षू नये, कारण त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्याचे दुखणे होऊ शकते. शिवाय अशा स्त्रीने मूल झाल्यानंतरही साखर वेळोवेळी तपासत राहिले पाहिजे. पुढे मधुमेह होण्याचा तिचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

‘काही गोड बातमी?’ हा प्रश्न आपण प्रेमानेच विचारतो. पण जिच्या महिन्याचा हिशेब गोळ्या, सोनोग्राफी आणि पुन्हा आलेली पाळी यांत चाललेला असतो, तिला तो दर वेळी नव्याने बोचतो. घरात पाहुणे आले आणि त्यांनी तो विचारला, तर उत्तर तिच्यावर न टाकता आपण ते स्वतःकडे घ्यावे. ‘त्यांचे ते बघतील, तुम्ही चहा घ्या’ एवढे म्हटले तरी पुरते.

आता पुन्हा त्या फळीकडे जाऊ. पाकीट दिसले आहे, नाव वाचले आहे. ते मूळ जागी ठेवून गप्प बसणे हा एक मार्ग, आणि जाब विचारणे हा दुसरा. तिसरा मार्ग अधिक सोपा आहे. रात्री जेवणे झाल्यावर आपली गोळी घेताना तिलाही सहज म्हणावे, ‘माझ्याही पोटात पहिले पंधरा दिवस फार ढवळायचे बघ. जेवणाच्या शेवटच्या घासाबरोबर घेत जा, त्रास होत नाही.’ डब्यांच्या मागे लपवलेले ते पाकीट मग दुसऱ्या दिवसापासून उघड्यावर, आपल्या डबीपासून जरा अंतरावर, स्वतःच्या नावासह राहील.